लाल दातांचा वर्ग

संघमित्रा बाईंनी गोळी चावली ती केवळ मुलांना धीर यावा म्हणून. तिसरीचा अख्खा वर्ग ओठ आवळून बसला होता आणि पहिल्या बाकावरची जाई म्हणाली, "आधी बाईंनी खायची." झालं. बाईंनी खाल्ली, आणि मग सगळ्यांनी खाल्ली.

'शनिवारचे पाहुणे' ही कल्पना बाईंचीच. दर शनिवारी बाहेरचं कोणीतरी वर्गात येऊन आपल्या कामाबद्दल सांगायचं. दिवाळे गावचे बँडवाले आप्पा आले, त्यांनी कौतुकाने ढोल मुलांच्या स्वाधीन केला आणि शेजारी चौथीची चाचणी बुडाली. पुढच्या शनिवारी मधमाश्या पाळणारे कोंडिबा पेटी घेऊन आले. त्या दिवसाबद्दल न बोललेलंच बरं.

"बाई," मुख्याध्यापक दिलीप सर म्हणाले होते, "तुमची शिक्षणसेवकाची मुदत संपतेय. तुम्हाला कायम करायचं की नाही, त्याचा अहवाल मला सोमवारी पाठवायचाय. एक शनिवार शांततेत जाऊ द्या."

तेव्हापासून बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. ओढणीच्या टोकाला गाठ मारायची, सोडायची, पुन्हा मारायची, हाच उद्योग. म्हणून या खेपेला त्यांनी सगळ्यात निरुपद्रवी माणूस शोधला: जुईनगरचे दाताचे डॉक्टर अभय. ना ढोल, ना पेटी.

"ही गोळी चावली की जिथं दात नीट घासले नाहीत तिथं लाल रंग चढतो," डॉक्टर म्हणाले. "मग ब्रशने घासलं की जातो. ब्रश मी सगळ्यांसाठी आणलेत, गाडीत आहेत." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. दवाखान्यात कोणाचा तरी गाल भोपळ्याएवढा सुजला होता. "आलोच," म्हणत डॉक्टर पळाले ते थेट गाडी काढून. ब्रशही गेले.

इकडे दात, ओठ, जिभा, सगळं लालेलाल. पोरं एकमेकांना दात दाखवून खिदळत होती. बाईंनी फोनच्या काचेत आपलं तोंड पाहिलं आणि मिटून घेतलं.

"बाई, तुमीपण नीट घासत नाय," जाईने पाहिलं होतंच.

बाईंनी डॉक्टरांना फोन लावला. उचलला नाही. उचलणार कुठून, हात दुसऱ्याच्या जबड्यात. शेवटी बाई म्हणाल्या, "चला, चुळा भरून या." इथे त्या चुकल्या. नळ एक, पोरं पस्तीस. ज्यांना नळ मिळाला नाही त्यांनी जागा मिळेल तिथे पिचकाऱ्या मारल्या. व्हरांड्यात, जिन्यात आणि नव्याने रंगवलेल्या भिंतीवर. त्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'तंबाखूमुक्त शाळा'.

मारोती शिपाई बादली घेऊन उभा राहिला. त्याला रडू येतंय की राग, हे कळत नव्हतं. "बाई, ही भिंत आजच्यासाठी रंगवली हाय."

"आजच्यासाठी म्हणजे?"

"तपासणी हाय नं. तंबाखूमुक्तीवाले साहेब खाली चहा पितायत. तुमची सही हाय की नोटिशीवर."

सही होती. ती नोटीस नेमकी मधमाश्यांच्या दिवशी फिरली होती आणि बाईंनी टेबलाखाली बसून, न वाचता सही केली होती. मारोतीने फडकं मारलं तसा भिंतीवरचा लाल रंग गुलाबी होऊन आणखी पसरला. बाईंनी पोरांना आत कोंबलं. "कोणीही तोंड उघडायचं नाही. उघडेल त्याला खेळाचा तास नाही."

मारोतीने भिंतीला पाठ लावली तोच दिलीप सर साहेबांना दुसऱ्या जिन्याने घेऊन आले. हे साहेब, मानसिंगराव, चांगले धिप्पाड, सफारीतले, हनुवटी वर आणि ओठ घट्ट मिटलेले.

"मुलांनो, साहेबांना नमस्ते करा."

हातांच्या पस्तीस जोड्या जुळल्या. आवाज नाही. दिलीप सरांची छाती फुगली. "बघा साहेब, शिस्त."

"हं," मानसिंगराव म्हणाले.

"बाई, वर्गाबद्दल सांगा की दोन शब्द."

"हं," बाई म्हणाल्या.

दोन मिटल्या तोंडांच्या मधे बिचारे दिलीप सर एकटेच बोलत राहिले. बोलायचं संपलं तेव्हा त्यांना सुचलं ते नेमकं नको तेच. "चला, साहेबांना तंबाखूमुक्तीची शपथ म्हणून दाखवा."

सरांनी सांगितलंय म्हटल्यावर पोरं उठली. पस्तीस लाल तोंडं उघडली आणि एका सुरात शपथ सुरू झाली. दिलीप सरांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "बाई, हे काय आहे?"

बाईंनी खुलाशासाठी तोंड उघडलं आणि होता तो मामला आणखी बिघडला.

"आरं, आख्खा वर्ग?" मानसिंगराव भान विसरून बोलले.

जाई मान वर करून त्यांच्या तोंडात निरखून पाहत होती. "सर, तुमालापण डॉक्टरांनी गोळी दिली? तुमाला लय जास्त दिली. मागचे तर काळे झालेत."

दिलीप सरांनी साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं, मग सफारीच्या खिशातून डोकावणाऱ्या पुडीकडे पाहिलं, मग छताकडे.

"दाताच्या डॉक्टरांची गोळी आहे, सर," बाई एका दमात म्हणाल्या. "दात घासलेत की नाही ते कळायला."

"तीच ती," मानसिंगराव घाईघाईने म्हणाले आणि पुडी आत सारली. "मीपण घेतली सकाळी. चांगली असते."

नेमके तेव्हाच डॉक्टर धापा टाकत दारात आले, हातात ब्रशचं खोकं. जाईने पहिला ब्रश काढला आणि साहेबांना दिला. "घ्या सर. घासलं की जातं."

आता नाही कसं म्हणणार? गोळी घेतली होती ना. मानसिंगराव पोरांबरोबर नळावर रांगेत उभे राहिले. एकेकाचे दात पांढरे होत गेले, बाईंचेही झाले. साहेबांचे होते तसेच राहिले, तोंडाला फेस मात्र आला.

दिलीप सर खांद्यावर टॉवेल टाकून बाजूला उभे होते. "साहेब, शाळा तंबाखूमुक्त म्हणायची ना?"

फेसामुळे बोलता येईना. मानसिंगरावांनी मान हलवली.

"आणि हा बाईंचा उपक्रम? उत्तम लिहू?"

जाई कमरेवर हात ठेवून बघत होती. मान जोरात हलली.

"मग बाई, सोमवारी तुम्हाला कायम करायचाच अहवाल पाठवतो," दिलीप सर म्हणाले. बाईंनी ओढणीची गाठ सोडली आणि पुन्हा मारली नाही.

मानसिंगरावांनी चूळ भरली आणि टॉवेलसाठी हात पुढे केला.

"सर, कुठं चाललात?" जाई म्हणाली. "मागचे राह्यलेत."

साहेबांनी दिलीप सरांकडे पाहिलं. दिलीप सरांनी टॉवेल पाठीमागे घेतला.

मानसिंगरावांनी ब्रश पुन्हा तोंडात घातला.