गार घराचा दाखला

पदार्थविज्ञान हा विषय मी एकतीस वर्षे शिकवला. उष्णतेचे वहन, अभिसरण आणि प्रारण हे धडे मी असे घेत असे की शेजारच्या वर्गातली मुलेही खिडकीशी येऊन ऐकत. निवृत्तीनंतर जुळे सोलापूरच्या पलीकडे, जिथे रिक्षावाले परतीचे भाडेही मागतात, तिथल्या आमच्या प्लॉटवर मी स्वतःच्या हातांनी पोलादी घर उभारले. सोलापुरात, पत्र्याचे. सदर निर्णय पूर्ण शुद्धीत घेतला होता, याची नोंद घ्यावी.

घराचे सुटे भाग ट्रकमधून आले. जोडणी मी मोबाईलवरच्या एका व्हिडिओमालिकेवरून शिकलो. त्यातला दाढीवाला गृहस्थ अत्यंत शास्त्रशुद्ध बोले. त्याच्या पाठीमागे खिडकीपर्यंत बर्फ साचलेले असे. ही बाब माझ्या नजरेतून सुटली नव्हती. पण विज्ञान सगळीकडे सारखेच असते, असे मीच मुलांना सांगत आलो होतो.

जड खांब उभे करायला सिद्राम होता. आमच्या भागातली निम्मी फाटके आणि जाळ्या त्यानेच वेल्डिंग केलेल्या. त्याने आराखडा उलटसुलट करून पाहिला.

“सर, मावळतीकडं एवडी मोटी काच? आन् ती उगडत बी न्हाय?”

“ऊन आत यायला हवं ना.”

“ऊन? आत?” त्याने एकदा आभाळाकडे पाहिले. “बरं, गरम हवा जायला वाट कुटं ठिवलीय? छपरात एक फिरता पंखा बसवू की. लई फरक पडतो.”

“सिद्राम, फट म्हणजे गळती.”

“कशाची गळती, सर?”

“उष्णतेची. घरातली ऊब बाहेर जाता कामा नये.”

सिद्राम खाली मान घालून बोल्ट आवळत राहिला. मला वाटले, त्याला पटले.

मग मी भिंतींना आणि छपराला आतून काचेच्या लोकरीचे थर लावले. त्यावर चकाकणारा कागद, सांध्यांत फोम, फोमवर सिलिकॉन, सिलिकॉनवर पट्टी. मुंगीला आत यायचे झाले असते तर बेल वाजवावी लागली असती. मार्चअखेर आम्ही राहायला गेलो.

एप्रिलमध्ये घराने आपले कर्तव्य चोख बजावले. मावळतीच्या काचेतून ऊन आत येई, आणि मी बंदोबस्तच असा केला होता की एकदा आत आलेल्या उन्हाला परतीचा मार्ग नव्हता. बाहेर चव्वेचाळीस अंश, आत अठ्ठेचाळीस. माझी पत्नी वैजयंती आधी सकाळी सातच्या आत स्वयंपाक उरकू लागली. मग ती खुर्ची घेऊन अंगणातल्या कडुलिंबाखाली बसू लागली. शेवटी तिने भाजी निवडण्यापासून पूजेपर्यंतचा सगळा संसारच तिकडे हलवला.

“मला एकच सांगा,” एके दुपारी ती म्हणाली, “गरम होतंय का?”

“घर अजून स्थिरावतंय.”

“मी घराचं नाही विचारलं. तुम्हाला होतंय का?”

यावर मी भिंतीला आणखी एक थर लावला.

तरीही भागेना म्हणून कूलर आणला. बंद घरात कूलर लावल्याने हवा इतकी दमट झाली की डब्यातले पापड माना टाकू लागले. पहाटे लोखंडी तुळया निवल्या की त्यांच्यावर दव जमे आणि आमच्या अंगावर टपटपे. वैजयंतीने उशीशी पातेले ठेवले. मी वहीत नोंद केली : बाहेरच्या पावसापासून घर संपूर्ण सुरक्षित.

अशा परिस्थितीत घराची रीतसर नोंद करण्यासाठी मी महापालिकेत अर्ज दिला. उत्तर आले की, पत्र्याचे बांधकाम गोदाम समजण्यात येते व गोदामात मनुष्याने राहणे नियमबाह्य आहे. घर म्हणून नोंद हवी असल्यास ते राहण्याजोगे असल्याची समक्ष पडताळणी होईल. वेळ दुपारी दोन. दारे बंद. अधिकारी वीस मिनिटे आत बसून खात्री करतील.

अधिकारी आला तो माझा जुना विद्यार्थी रत्नदीप निघाला. वाकून पाया पडला. आम्ही समोरासमोर बसलो आणि दार लावून घेतले.

“कूलर लावू?”

“नको सर. नियमात कृत्रिम साधन बसत नाही.”

पाच मिनिटांत त्याचा शर्ट पाठीला चिकटला.

“उकडत तर नाही ना, रत्नदीप?”

“छे! छान गार आहे. तुम्हाला, सर?”

“मुळीच नाही.”

त्याच्या हनुवटीवरून एक थेंब अर्जावर पडला आणि माझे आडनाव पुसले गेले. अकराव्या मिनिटाला त्याने ‘घर थंड व राहण्याजोगे आहे’ असे लिहून सही केली, कागद माझ्या हाती देण्यासाठी उठला आणि तसाच खाली बसला. त्याचे डोळे पांढरे झालेले पाहून मी कशीबशी दारावर थाप मारली आणि मीही खाली बसलो. वैजयंतीने दार ढकलले आणि आम्हा दोघांना एकेक करून लिंबाखाली ओढत नेले. तिने रत्नदीपच्या तोंडावर पाणी मारले.

“आता तरी सांगा,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “गरम होतंय का?”

“होतंय,” मी म्हणालो. “भट्टी आहे ती. माझंच चुकलं. पहिल्या दिवसापासून चुकलं.”

रत्नदीपने डोळे उघडले. “सर, असं बोलू नका. सही झालीय.”

“मग खोड ती.”

“खोडली तर मी खोटं लिहिलं असं ठरेल.”

“पण तू खोटंच लिहिलंयस.”

“हो, पण अजून ठरलेलं नाही.”

दुसऱ्या दिवशी छपराला भोक पाडायला सिद्राम पत्रा कापायचे यंत्र घेऊन हजर झाला. तोवर मी दाखल्याच्या अटी वाचल्या होत्या. घर ‘आहे त्या स्थितीत’ राहण्याजोगे ठरले होते. एक जरी भोक पाडले तरी ते पुन्हा गोदाम होणार होते. सिद्रामने यंत्र गाडीवर ठेवले, श्रीपूरकडच्या फडांतून उसाचे पाचट आणले आणि लिंबाला लागून तीन बाजूंनी उघडी छपरी घालून दिली. आम्ही हल्ली तिथे राहतो. तिची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही, त्यामुळे ती गार आहे.

दाखल्याची बातमी मात्र पसरली. आता घर बघायला माणसे येतात. मी दरवेळी खरे सांगायचे ठरवतो, पण पाहुणे दाखला वाचतात आणि माझ्याआधीच ‘वा!’ म्हणतात. आत बसतात, निथळत बाहेर येतात आणि अभिप्रायवहीत लिहितात : ‘अत्यंत गार व शास्त्रशुद्ध.’ आजवर एक्केचाळीस जणांनी लिहिले आहे. त्यांपैकी तिघांनी अशाच घरासाठी पायाही खोदला आहे.

तुम्हीही जरूर या. दुपारी दोनची वेळ बरी. पुढचे पान कोरे आहे, पेन दोरीने बांधून ठेवले आहे आणि खरे लिहायला कोणाचीही मनाई नाही. पण आधीचे एक्केचाळीस अभिप्राय वाचून तुम्ही काय लिहाल, हे मला ठाऊक आहे. मी वर्गात ‘समजलं का?’ असे विचारायचो तेव्हा समोर तुम्हीच बसलेले असायचात, आणि सगळ्यांच्या माना हलायच्या.