अक्कांच्या वर्गात ‘येस’ला बंदी

सुमित्राअक्कांनी पहिल्याच दिवशी माझ्या चपला खिडकीतून रस्त्यावर फेकल्या. तेही माझ्या परवानगीने.

झालं असं, की बसवनगुडीत त्यांच्या घरी दर शनिवारी बायकांसाठी इंग्रजीचा वर्ग चालतो असं कळलं, म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारी मी सर्जापूर रोडवरून दोन बस बदलून तिथे पोचले. दारातच सत्तरी उलटलेल्या एका ठेंगण्या बाईंनी मला भरधाव इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी हसून ‘येस, येस’ म्हटलं. त्यांनी शांतपणे मी नुकत्याच काढलेल्या चपला उचलल्या आणि दिल्या भिरकावून.

“चपला फेकू का, असं विचारलं मी,” त्या मराठीत म्हणाल्या. “तूच येस म्हणालीस.”

मला वाटलं, वर्ग हसेल. कोणी हसलं नाही. सगळ्या त्यातून गेल्या होत्या. चिकपेटला साडीच्या दुकानात काम करणाऱ्या गौरम्माने तर वेणी कापायला ‘येस’ म्हटलं होतं, आणि कात्री शेपट्याशी आली तेव्हा कुठे तिच्या तोंडून ‘नो’ फुटला होता.

अक्का मूळच्या मिरजेच्या. यजमान इथे कन्नड मुलखात सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, त्यांच्यामागे त्या एकट्याच राहतात. त्यांचा सगळा अभ्यासक्रम एका वाक्याचा: “सॉरी, आय डिड नॉट अंडरस्टँड. प्लीज से अगेन.” त्या कधी बँकेचा मॅनेजर होत, कधी सोसायटीचा सेक्रेटरी. तोंडावर रुमाल धरून, पाठ फिरवून, शेजारी मिक्सर चालू ठेवून बोलत. आपण परत विचारायचं. तरी नाही कळलं तर तिसऱ्यांदा विचारायचं. नुसती मान हलवली की अक्का कडाडत, “आमच्या बसवनगुडीत एवढा मोठा नंदी आहे, तोसुद्धा मान हलवत नाही! कळलं नाही म्हणायला काय धाड भरलीय? स्वल्प लाज वाटेल. वाटू दे.”

खरं सांगते, मला राग यायचा. मी बी. कॉम. झालेली बाई. इंग्रजी वाचते, लिहिते. फक्त समोरचं माणूस भराभर बोलायला लागलं की माझे कान बंद होतात आणि मान आपोआप हलते. त्यासाठी दर शनिवारी हा अपमान?

मग मार्चमध्ये इराच्या शाळेतून चिठ्ठी आली. इरा माझी मुलगी, पहिलीतली. मंगळवारी अकरा वाजता भेटा, एवढंच लिहिलं होतं. नेमकी तेव्हाच मंदारची क्लायंट मीटिंग. “तू जा ना, त्यात काय एवढं?” नवरे असंच म्हणतात. मी मात्र ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली. पोरीबद्दल काय सांगतील, आणि मला ते कळलंच नाही तर?

शनिवारी अक्कांना सांगितलं. त्या थट्टा करतील असं वाटलं होतं. त्यांनी केली नाही, त्यामुळे मी जास्तच घाबरले. बाकीच्यांना घरी पाठवून त्या शाळेच्या मॅडम झाल्या आणि दिवेलागणीपर्यंत मला छळलं. कॉफी मागितली तर म्हणाल्या, “आधी विचार, मग कॉफी.”

मंगळवारी शाळेच्या फाटकाशी पोचले, तर कट्ट्यावर अक्का! मांडीवर स्टीलची पाण्याची बाटली. ज्यांना सर्जापूर रोड म्हणजे परगाव वाटतं, त्या दोन बस बदलून माझ्याआधी हजर.

“मी आत येणार नाही,” त्या म्हणाल्या. “जा.”

मॅडम फार गोड होत्या. हसत हसत बराच वेळ बोलल्या आणि शेवटी काहीतरी विचारून थांबल्या. माझी मान हलायला लागली. मी ती कशीबशी आवरली आणि अक्कांचं वाक्य म्हटलं. त्या परत बोलल्या. पुन्हा विचारलं, तरी कळेना. मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांचं हसू गेलं, पण त्या एकेक शब्द सावकाश बोलल्या. इरा वर्गात बोलत नाही. काहीही विचारलं तरी येस म्हणते. म्हणून तिला आणखी एक वर्ष पहिलीतच ठेवू, तुमची संमती आहे ना? टेबलावर फॉर्म तयार होता.

“नो!”

एवढ्या जोरात, की शिपाई डोकावला. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, ती माझ्यावर गेली आहे, मूर्ख नाही. तीन महिने द्या, मी रोज तिला घेऊन बसते. मॅडमनी थोडा विचार केला आणि फॉर्म खणात ठेवला. “ओके. थ्री मंथ्स.”

बाहेर आले तर अक्का उभ्याच. “काय म्हणाल्या? एक शब्द सोडू नकोस.”

मी सगळं सांगितलं. माझा ‘नो’ त्यांनी दोनदा म्हणवून घेतला. आता खूश होतील म्हणून पाहिलं, तर त्यांचे डोळे भरले होते.

“हे गेले त्याच्या आदल्या दिवशी डॉक्टर बाहेर आले होते,” त्या म्हणाल्या. “तेव्हा मला इंग्रजी येत नव्हतं, कन्नडही नाही. ते खूप वेळ बोलले. शेवटी मला काहीतरी विचारलं. मी येस, येस म्हटलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेले.”

त्यांनी बाटलीचं झाकण उघडलं, पाणी न पिता परत लावलं.

“काय विचारलं असेल गं?”

मला फार वाईट वाटलं. काहीतरी बोलून धीर द्यावा, कशालातरी हो म्हणावं, असं अगदी ओठावर आलं.

“मला नाही कळत, अक्का,” मी म्हटलं.

“सरी, बरोबर आहे,” त्या म्हणाल्या आणि माझा हात धरला. बसवनगुडीकडची बस आली, थांबली, निघून गेली, तरी सोडला नाही.