हाताला काम मागणाऱ्या विमलमावशी

मी शिकलो तो बेलवलीच्या विमलमावशींमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्यांच्याबद्दल थोडं हसू येईल असं लिहिणार आहे.

मावशी कुणाच्याही घरी गेल्या की चप्पल काढता काढता विचारतात, “हाताला काही आहे का?” पाणी नको, चहा नंतर. आधी निवडायला मेथी, सोलायला लसूण, तेही नसेल तर घड्या घालायला कपडे. माझ्यासाठी मुलगी बघायला उल्हासनगरला गेलो, तर बैठक सोडून या आत माझ्या होणाऱ्या सासूबाईंबरोबर मटार सोलत बसल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, “स्थळ चांगलंय. मटार कोवळा होता.” लग्न ठरलं. दातांच्या डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत त्यांनी तिथली जुनी मासिकं महिन्यांप्रमाणे लावून दिली होती.

या आमच्या शेजारी. आम्ही एका खोलीत सात जण. वडील आनंदनगरच्या कारखान्यात पाळीवर, ते झोपले की घरात पान उलटायचीही चोरी. मावशींचे यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही, शिवणकामावर घर चालायचं. सातवीपासून बी.एस्सी. होईपर्यंत मी त्यांच्या बाहेरच्या खोलीत अभ्यास केला. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर त्या खोलीतून बाहेर पडला.

पुढे नोकरी लागली, आई-वडील गावी भावाकडे गेले आणि मी अंबरनाथ पूर्वेला फ्लॅट घेतला. त्यातली एक खोली मावशींची, हे मी आणि माझ्या बायकोने, रेश्माने, पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. पण मावशी येईनात. गुडघे गेलेले. एकदा न्हाणीत पडल्या तर दुपारपर्यंत कुणाला पत्ता नाही. तरी विचारलं की “बघू रे” म्हणायच्या आणि केरसुणी उचलायच्या.

गेल्या वर्षी त्यांना श्रीशैलमला नेलं. धर्मशाळेत खोली झाडायला मिळाली म्हणून त्या खूश होत्या. परतीचं विमान हैदराबादहून, म्हणून शेवटचा मुक्काम तिथल्या एका मोठ्या हॉटेलात ठेवला. निदान एक दिवस या बाईला कुणीतरी आयतं पाणी द्यावं, एवढीच इच्छा.

दारातल्या माणसाने बॅग घेतली, तर मावशींनी दुसरा बंद सोडला नाही. दोघं मिळून बॅग लिफ्टपर्यंत घेऊन गेले. खोली आवरायला मुलगी आली, तर पलंगाची चादर आधीच ताणून झालेली. “हो गया बेटा, तू बैठ. पानी पी,” मावशींचं उल्हासनगरच्या बाजारातलं हिंदी. मुलगी दारातच उभी. रेश्मा मला म्हणाली, “हिचा पगार आता मावशींनाच द्यावा लागणार.”

संध्याकाळी मावशी खोलीत नव्हत्या. लॉबीत नाहीत, बागेत नाहीत. शेवटी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये सापडल्या. तिथे कुणाच्या तरी लग्नाची तयारी चालली होती. जेवणाच्या टेबलाशी मावशी, भोवती कामाच्या तीन मुली, आणि पुढ्यात नॅपकिनचा ढीग. त्या मुलींना विड्यासारखी घडी शिकवत होत्या.

कोट घातलेला मॅनेजर काकुळतीला आला होता. “सर, अम्मा हमारी गेस्ट हैं. कोई देखा तो हमको डाँट पड़ेगी.”

“कौन डाँटेगा? मैं बोलती ना उसको!” मावशी म्हणाल्या.

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. “मावशी, एक दिवस नुसतं बसता येत नाही का तुम्हाला?”

त्यांनी हातातली घडी पूर्ण केली, ठेवली आणि मुकाट्याने वर आल्या. खोलीत खुर्चीच्या अगदी कडेला टेकल्या.

“आई गेली तेव्हा नऊ वर्षांची होते,” त्या म्हणाल्या. “काकांनी घरी नेलं. एकदा ताप आला, चार दिवस पडून होते. पाचव्या दिवशी काकू म्हणाली, हिला आता दुसरीकडे कुठे पाठवता येतं का बघा. मी उठले आणि भांडी घासायला बसले. मग नाही पाठवलं.”

रेश्माने त्यांना पाणी दिलं. त्यांनी ग्लास दोन्ही हातांत धरून ठेवला.

“तुझ्याकडे यावंसं वाटतं रे दिनेश. पण गुडघे गेले, आता हातही कापतात. तिथे येऊन माझं काम थांबलं तर?”

समोर बोललं की मावशी उठून कामाला लागतात. म्हणून घरी आल्यावर पत्र लिहिलं आणि पोस्टात टाकलं.

तीर्थरूप मावशी,

साष्टांग नमस्कार.

तुमच्या घरी मी नऊ वर्षं बसलो. एकदा कप विसळायला उठलो तर तुम्ही माझा हात धरून परत पुस्तकापाशी बसवलंत. कावीळ झाली तेव्हा महिनाभर तुमच्याच कॉटवर पडून होतो. मी घरात जड होतोय असं माझ्या मनात कधी आलंच नाही, कारण तुम्ही ते येऊच दिलं नाहीत. तुम्हाला तसं कुणी वाढवलं नाही, हे मला हैदराबादला कळलं. इतकी वर्षं विचारलं नाही, त्याची लाज वाटते.

तुमचे हात थांबले तर थांबू देत. खोली तुमचीच आहे.

रविवारी सकाळी टेम्पो घेऊन येतो. सामान मी आणि रेश्मा बांधू. तुम्ही पुढे ड्रायव्हरशेजारी बसायचं.

तुमचा,
दिनेश