कोंडबा काकांची टेप

आपण रामराम करायला हात जोडावेत, तोवर समोरच्याचे हात आपल्या कमरेभोवती गेलेले असतात. टेप आवळली जाते आणि हुकूम सुटतो, "श्वास सोडा. पोट नका ओढू मास्तर, टेपला समदं कळतं!" हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात कोंडबा काकांची भेट अशीच सुरू होते. मी शाळेवर मास्तर आणि त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी. माझ्या पोटाचा घेर माझ्या बायकोला ठाऊक नसेल, पण काकांना तोंडपाठ आहे. बरं, तोंडपाठ आहे तर मनात ठेवावा की नाही? ते तो स्टँडवर ओरडून सांगतात!

काका एका मोठ्या संशोधनात कामाला आहेत. माणसाच्या पोटावर चरबी कशानं साठते, रक्तातली चरबी नसांत जाऊन कशी बसते, नसा कडक काहून होतात, हे शोधणारे डॉक्टर तिकडं शहरात बसलेत. त्यांच्यासाठी खेडोपाडी फिरून कंबरा मोजायच्या, उपाशीपोटी रक्त घ्यायचं, फॉर्म भरायचा, हे काकांचं काम. पिशवीत पाइपाचा वीतभर तुकडा कायम असतो, बोअरच्या पाण्यानं आतून पांढरा थर धरलेला. "वरून बघा, कसा नवा हाय. आता आतून बघा. तुमची नस बी अशीच!" लग्नाच्या पंगतीत हा पाइप निघाला, की जेवणाऱ्याचा हात जिलबीवरच थांबतो.

जाड माणसं त्यांना बघून गल्ली बदलतात. पण काकांचा खरा रोख काडीसारख्या बारीक माणसांवर. "मला काय धाड भरलीय?" असं कोणी बारीक माणूस म्हणाला, की काका त्याच्या ओट्यावर ठाण मांडून बसलेच म्हणून समजा.

आणि तकलीफ होती चहाची. दारी आलेल्याला बिनचहाचं आमच्याकडं कोणी सोडत नाही, आणि पाहुण्याला एकट्याला प्यायला लावणं म्हणजे तर अपमानच. म्हणून उपाशीपोटी रक्त द्यायचं सोडून घरधनी साथीला अर्धा कप घेणार, आणि काकांची फेरी वाया जाणार. शेवटी काकांनी "मला चहा बाधतो" अशी आवई साऱ्या तालुक्यात उठवली. चहावर जीव टाकणारा माणूस हो! काम उरकलं की स्टँडवरच्या हॉटेलात भिंतीकडं तोंड करून पाठोपाठ तीन कप पितात.

एवढ्या दारांत जाणारा हा माणूस एका दारापुढून मात्र नऊ वर्षं खाली मान घालून जात होता. ते दार त्यांच्या धाकट्या भावाचं, मारोतीचं. त्यांचा बाप असाच काडीसारखा बारीक. एका सकाळी त्याच्या छातीत कळ आली. काका म्हणाले, गॅस हाय, आणि ओवा-मीठ दिलं. मारोती जीप आणायला पळाला. जीप येईस्तोवर बाप गेला. "तुझ्या ओव्यानं माझा बाप नेला," मारोती म्हणाला, आणि बोलणं तुटलं ते तुटलंच. काकांनी त्यानंतर ही टेप हातात धरली. लग्न केलंच नव्हतं, त्यामुळं घरी एकटेच.

यंदा संशोधनासाठी चिठ्ठ्या टाकून नवी घरं निवडली, तर यादीत मारोतीचं नाव निघालं. ऑफिसातल्या मॅडम दुसऱ्या कोणाला पाठवते म्हणाल्या, काका नको म्हणाले. भल्या सकाळी माझ्या दारात उभे. "मास्तर, गाडी काढता का? एकट्याचा पाय उचलून न्हाई राहिला."

"आणि त्यानं हाकललं तर?"

"तर परत येऊ. पर जाऊ."

मारोती शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गोठ्याच्या छपरात, शेळ्यांना पाला टाकून राहिला होता. भावाला बघून त्याचा हात थांबला. मग मलाच म्हणाला, "काम असंल तर उरका म्हणावं लवकर." काकांनी कंबर मोजली, रक्त घेतलं. मग सवालजवाब सुरू झाले, तेही माझ्यामार्फत. काका विचारणार, "महिन्याला तेल किती लागतं?" आणि मारोती मला सांगणार, "चार किलो म्हणावं." दोघांच्या मधी मी आपला मान हलवणारा नंदीबैल!

"वडील कशानं वारले?" काकांनी फॉर्मवरचं वाचलं.

"छातीत कळ येऊन."

काकांनी ते लिहिलं. मग हळूच म्हणाले, "ओवा मी दिला. मला कळलं न्हाई रं."

मारोती शेळ्यांकडं बघत बसला. काकांनी पान उलटलं.

"सख्खे भाऊ?"

"एक."

"त्याला कधी छातीत कळ, धाप?"

तेव्हा मारोतीनं पहिल्यांदा त्यांच्याकडं सरळ बघितलं. "त्याला कधी इचारलंच न्हाई. दादा, तुला दुखतं का रं?"

काकांनी पेन खाली ठेवला.

"चढ लागला की दुखतं," ते म्हणाले.

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

"आन् सांगितलं कोणाला?"

"घरी कोण हाय सांगायला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भिंतीला भिंत लागून राहतो मी, आणि दिवाळीपासून आमचं बोलणं काय, तर माझ्या पोटाचं.

मारोतीनं फॉर्म ओढून बाजेवर टाकला. "मास्तर, गाडी काढा. हिंगोलीला जायचं. जीपची वाट न्हाई बघायची आता."

"अरे, शेळ्या..." काका म्हणाले.

"शेळ्या मरत न्हाईत. तू बस."

फटफटीवर पुढं मी, मधी काका, मागं मारोती. सेनगाव मागं पडलं. मग मारोती बोलायला लागला. बोअर आटल्याचं, पोरगी बारावी झाल्याचं, भावाला सांगायचं राहिलेलं नऊ वर्षांचं समदं एकदमच. काका नुसते "व्हय, व्हय" करून राहिले होते. मी आरशात बघितलं, तर मारोतीनं मागून दोन्ही हातांनी भावाला गच्च धरलं होतं.