चंद्रककुमारांचा महाल

बाळांनो, एका जंगलात सिनेमेसुद्धा निघत. का निघू नयेत? तिथे नाचणारा मोर होता आणि टाळ्या वाजवणारी माकडे होती. सिनेमाला आणखी काय लागते?

मोराचे नाव चंद्रककुमार. पहिला सिनेमा चालला तेव्हा तो आपल्या लांडोरीसह बाभळीवर राहत होता. नटाने बाभळीवर राहणे बरे दिसेना, म्हणून त्याने महाल बांधला. सिनेमा चालला की महालात एक दालन वाढे. सिनेमा पडला की दोन वाढत, लोकांना कळू नये म्हणून. असे करता करता आरसेमहाल झाला, कारंजे झाले, सोन्याचा जिना झाला. पक्ष्यांना जिना कशाला, असे लांडोरीने एकदा विचारले. "शोभेला," असे उत्तर मिळाले.

सजावट बगळोपंतांकडे होती. ते एका पायावर उभे राहून तासन्‌तास भिंतीकडे बघत आणि सगळे म्हणत, किती विचार करतात!

पुढे लांडोरीचे अंडी घालायचे दिवस आले. तिला हवा होता फक्त एक कोपरा, अंधारा आणि पालापाचोळ्याचा. तिने सगळा महाल पालथा घातला. जिकडे तिकडे आरसे नाहीतर झुंबरे. शेवटी वैतागून तिने दिवाणखान्यातल्या गालिच्यावरच चार अंडी घातली आणि वर बसली.

बगळोपंतांनी ते पाहिले आणि धक्क्याने दुसराही पाय खाली टेकवला.

"वहिनी, हा रंग इथे चालणार नाही. मळकट दिसतो."

"अहो, अंडी आहेत ती!"

"म्हणूनच म्हणतो. खरी अंडी खरी वाटत नाहीत."

त्यांनी संगमरवराची चार अंडी करवून चांदीच्या परातीत मांडली. लांडोर नवऱ्याकडे धावली.

"अहो, तुमची पिलं आहेत ती. तुम्ही तरी काही बोला."

चंद्रककुमार आरशात तुरा नीट करत होता. "अगं, बगळोपंतांना कळतं त्यातलं. उद्या फोटोवाले येणार आहेत. तू आपली मागच्या बाजूला जा ना थोडे दिवस."

अंडी थंड पडून चालणार नव्हते. लांडोरीने ती एकेक करून कुंपणाबाहेरच्या घाणेरीच्या झुडपात नेली.

फोटो झकास आला. संगमरवरी अंड्यांवर मान टेकून चंद्रककुमार रडला, तेव्हा माकडांनाही गहिवरून आले. बाप असावा तर असा, असे सगळे जंगल म्हणू लागले. मग तो रोजच रडू लागला.

इकडे झुडपात पिले बाहेर आली, किडे खाऊन गुबगुबीत झाली. त्यांना बाप दाखवावा म्हणून लांडोर त्यांना घेऊन महालाच्या फाटकाशी आली. पहाऱ्यावरचे रानडुक्कर गुरगुरले, "पिलांना आत सोडत नाही. घाण करतात."

"अरे, यांचंच घर आहे हे!"

"इथे येणारा प्रत्येक जण असंच म्हणतो."

तेवढ्यात चंद्रककुमार सज्जात आला. गर्दीने जयजयकार केला. त्याने सगळ्यांकडे बघून पंख हलवला. पिलांकडेही हलवला.

"आई, हा कोण गं?" धाकट्याने विचारले.

लांडोरीने वर बघून पंख हलवला.

"मोठे नट आहेत, बाळा. तूही पंख हलव."

तात्पर्य: शहाण्या बापाने अंडी संगमरवराचीच ठेवावीत. ती फुटत नाहीत, आणि त्यांतून बाहेर येऊन कोणी आपली ओळख विचारत नाही.