दोन बूट, दोन अर्ज

कागदपत्रांच्या बाबतीत माझा हात कुणी धरू शकत नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. कारखान्याच्या स्टोअरमध्ये सव्वीस वर्षं काढलीत मी. खिळ्यापासून क्रेनच्या हुकापर्यंत जे काही आत येतं ते माझ्या सहीनं येतं आणि माझ्याच सहीनं बाहेर जातं. इतक्या वर्षांत एक वॉशर इकडचा तिकडे झालेला नाही. त्यामुळे आईच्या बुटांचे पैसे विमा कंपनीकडून घ्यायचं ठरलं, तेव्हा मी बायकोला म्हणालो, "तू यात पडू नकोस. पंधरा दिवसांत चेक घरात."

"मी कुठे पडतेय," ती म्हणाली. "पडल्या त्या आई."

आई पडली होती हे खरं. पडदे धुवायला काढायचे म्हणून स्टुलावर चढली आणि पडद्यासकट खाली आली. घोटा मोडला. ऑपरेशन झालं, प्लास्टर निघालं, पण डावा पाय बोटभर आखूड झाला. डॉक्टरांनी खास मापाचे बूट लिहून दिले आणि बजावलं, "बूट आले की रोज चालायचं. दोन महिन्यांत सांधा मोकळा झाला नाही, तर तो कायमचा तसाच राहील."

आईला सांध्याची काळजी नव्हती. तिला काळजी होती मावशीची. तिची ही धाकटी बहीण चार गल्ल्या पलीकडे राहते. तिला दमा आहे, त्यामुळे ती घराबाहेर पडत नाही. चाळीस वर्षं आई रोज दुपारी तिच्याकडे चालत जायची. आता पाच महिने दोघी फोनवर बोलत होत्या, आणि दोघींनाही फोनवर बोलता येत नाही. "ऐकू येतंय का" असं एकमेकींना चार वेळा विचारायचं आणि ठेवून द्यायचं. गाडीनं सोडतो म्हटलं तर आई ऐकेना. "मला धरून उतरवताना तिनं बघितलं तर तिचा दमा वाढेल," म्हणाली. "जाईन तर माझ्या पायांनी जाईन."

बूट करणाऱ्या कारागिरानं तिच्या दोन्ही पावलांचे साचे घेतले आणि तीन आठवड्यांनी बूट दिले. डावा घोट्याच्या वरपर्यंत चढणारा, आत पट्टी, खाली जाड सोल. उजवा बसका आणि रुंद, कारण सगळा भार त्याच्यावर. दोघांना शेजारी ठेवलं तर हे एका घरातले आहेत असं कुणी म्हणालं नसतं. "पण वापरायचे जोडीनंच," कारागीर म्हणाला. त्यानं बिल एकच केलं, त्यात दोन ओळी.

इथे माझ्यातला स्टोअरकीपर जागा झाला. आमचा पहिला नियम असा, की ज्या दोन वस्तूंचं माप वेगळं, घडण वेगळी आणि किंमत वेगळी, त्या एका कार्डावर चढवायच्या नाहीत. म्हणजे डावा बूट ही एक वस्तू, उजवा ही दुसरी. दोन वस्तू, दोन अर्ज. मी रविवारी बसून दोन्ही अर्ज सुवाच्य अक्षरात भरले.

दुसरा नियम असा, की तपासणी झाल्याशिवाय माल वापरात द्यायचा नाही. अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंच होतं, कंपनी वस्तूची पडताळणी करू शकते. मी दोन्ही बूट खोक्यात घातले, वरून चिकटपट्टी लावली, पट्टीवर आडवी सही केली, तारीख टाकली आणि खोकं कपाटावर ठेवलं.

"अरे, एकदा पायात घालून तर बघू दे," आई म्हणाली.

"आई, सोल मळला तर अधिकारी म्हणेल हा वापरलेला माल आहे."

"बूट सोलला मळणार नाहीत तर कुठे मळणार?"

"चार दिवसांचा प्रश्न आहे गं."

आठव्या दिवशी कंपनीची दोन पत्रं आली. माझे अर्ज दोन वेगळ्या टेबलांवर गेले होते. पहिल्या पत्रात म्हटलं होतं, आपण फक्त डाव्या बुटाची मागणी केली आहे, उजवा पाय नसल्यास कृत्रिम पायाचा स्वतंत्र फॉर्म भरावा. दुसऱ्या पत्रात हेच, फक्त पायांची अदलाबदल. कंपनीच्या हिशेबी आमच्या घरात एकेका पायाचे दोन रुग्ण होते.

मी फोन लावला. पलीकडे एक शांत आवाजाच्या बाई होत्या.

"रुग्णाला पाय किती?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"फाइलवर एकच दिसतोय."

"दुसरा दुसऱ्या फाइलवर आहे."

"ती फाइल माझ्याकडे नाही."

"पण पाय आहे ना, बाई."

"असेल. माझ्याकडे नाही."

शेवटी त्यांनी डॉक्टरांचा दाखला मागितला, की रुग्णाला दोन पाय असून ते दोन्ही एकाच व्यक्तीचे आहेत. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "हे मी लिहून दिलं आणि माझ्या प्राध्यापकांनी वाचलं, तर माझी पदवी काढून घेतील," ते म्हणाले. पण दिलं बिचाऱ्यांनी लिहून. आणि जाता जाता विचारलं, "चालायला लागल्या ना?" मी म्हटलं, "प्रक्रिया सुरू आहे."

मी दाखल्याच्या दोन प्रती काढल्या आणि एकेका फाइलला एकेक जोडून पाठवल्या. त्यामुळे दोन्ही फाइलींवर दोन-दोन पाय झाले. कंपनीनं बेरीज केली. पुढच्या पत्रात विचारलं होतं, चार पायांसाठी दोनच बूट कसे.

त्या दिवशी कामावरून आलो तेव्हा आई भिंतीला धरून स्वयंपाकघराकडे चालली होती. एक पाऊल, मग भिंत, मग पाऊल. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. कपाटाकडे नजर गेली, खुर्चीही ओढली, पण चिकटपट्टीवर माझीच सही दिसली आणि हात पुढे होईना. सही केलेलं सील स्वतःच फोडायचं, हे माझ्याच्यानं होत नाही.

"दोन महिन्यांतले पंधरा दिवस गेले," बायको म्हणाली. "आता ते खोकं खाली काढता की मी काढू?"

"हात लावायचा नाही. एकदा तपासणी होऊ दे."

बायकोनं तेव्हापासून विषय बंद केला. मला वाटलं, पटलं तिला. आईचीही कुरकुर थांबली. चेहऱ्यावर तजेला आला, मावशीला दिवसातून चार वेळा फोन व्हायचे तेही थांबले. शिस्तीची माणसाला सवय होते, असं मी कारखान्यात दोघा-तिघांना सांगितलंसुद्धा. दर रविवारी मी खोकं खाली काढत असे. पट्टी बघायची, सही बघायची, हातात घेऊन वजनाचा अंदाज घ्यायचा. वजन बरोबर असे. त्या महिन्यात मला एकच त्रास होता. आमची इस्त्री दुरुस्तीला गेली होती ती परतच येत नव्हती, आणि मी चुरगळलेले शर्ट घालून कामावर जात होतो.

सातव्या आठवड्यात कारखान्यात मला फोन आला, आज दुपारी तीनला पडताळणी अधिकारी घरी येतील. मी अर्धी रजा टाकली आणि धावत घरी पोचलो. दारात बायको.

"तुम्ही? आत्ता?"

"अधिकारी येतोय. आई कुठे आहे?"

"झोपल्यात," ती म्हणाली आणि आईच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

अधिकारी वेळेवर आले. निवृत्तीला आलेला, सडपातळ, खांद्याला पिशवी असा माणूस. मी त्यांना थेट कपाटाशी नेलं, खोकं उतरवून टेबलावर ठेवलं आणि म्हणालो, "बघून घ्या. सील शाबूत, सही शाबूत. आला तसा माल आहे."

"अहो, एक मिनिट," बायको मागून म्हणाली.

मी पट्टी कापली. आत आमची इस्त्री होती. इस्त्रीखाली जाडजूड शब्दकोश होता. खोकं उलटं केलं तर बुडाला दुसरी पट्टी, अगदी व्यवस्थित लावलेली. सव्वीस वर्षं माल तपासणाऱ्या माणसानं इतक्या रविवारांत एकदाही खोक्याचं बूड बघितलं नव्हतं.

"हे बूट?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

मी खाली बसलो. सीलबंद खोकं, आत भलताच माल, वर माझी सही. नोकरीत हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला घरी पाठवलं असतं.

"आईला उठव," मी कसाबसा म्हणालो.

"आई मावशींकडे गेल्यात," बायको म्हणाली. "चालत. पाच आठवडे झाले, रोज जातात. येतीलच आता."

आणि आलीच ती. जिन्यावर एकसारखी पावलं वाजली, दार उघडलं, आणि आई आत आली. हातात काठी नव्हती, भिंतीला हात नव्हता. मी उभा राहिलो. सहा-सात महिन्यांत तिला असं चालताना मी पाहिलं नव्हतं, आणि शेवटचे पाच आठवडे पाहिलं नव्हतं ते माझ्याच नियमामुळे.

"तुला सांगणार होते रे," मला बघून ती म्हणाली. "म्हटलं, चेक आला की सांगू. उगाच तुझ्या जिवाला घोर."

अधिकाऱ्यांनी तिला खुर्ची दिली, बूट काढून घेतले आणि उलटे करून पाहिले. सोल मातीनं भरले होते, डावी टाच झिजली होती. मी पुढे झालो. "साहेब, मी माल सीलबंद ठेवला होता. हे सगळं माझ्या नकळत..."

"सीलबंद सापडला असता तर दोन्ही फाइली आजच बंद केल्या असत्या," ते म्हणाले. "सात आठवडे बुटांशिवाय चालतं, म्हणजे बुटांची गरज नाही. आम्ही झीज बघायला येतो."

मग ते फॉर्म काढून लिहायला बसले. आईला दोन-चार प्रश्न विचारले. घरात उंबरा उंच आहे का, फरशी निसरडी आहे का. आई सगळ्याला नाही म्हणाली. एका रकान्याशी ते थांबले, बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि एक शब्द लिहून फॉर्म माझ्यापुढे सरकवला. फाइली दोन, म्हणून प्रतीही दोन.

न वाचता मी सही करत नाही. वाचलं. 'रुग्ण: एक. पाय: दोन. बूट: दोन, नियमित वापरात. शिफारस: दोन्ही अर्ज एकत्र करून मंजूर करावेत. रुग्णाच्या चालण्यात घरातील अडथळा: मुलगा.'

खाली लिहिलं होतं, वरील माहिती बरोबर असल्याची अर्जदाराची सही. मी दोन्ही प्रतींवर केली.