मागच्या दाराचा दोष

एका जंगलात, मुलांनो, झाडं कमी आणि ‘विकणे आहे’च्या पाट्या जास्त झाल्या होत्या. त्या काळात ज्याला आपलं घर विकावंसं वाटत नसे, तो प्राणी मागासलेला समजला जाई. नानू ससा मागासलेला नव्हता.

त्याचं बीळ साधंच होतं. पुढचं तोंड अरुंद, त्यावर बोरीची काटेरी जाळी, आणि मागे एक चोरवाट, थेट करवंदीत निघणारी. त्या वाटेने घरातला प्रत्येक जण एकदा तरी जीव घेऊन पळाला होता.

पण नानूला नदीकाठच्या नव्या वसाहतीत जायचं होतं. तिथे म्हणे दारातच गवत होतं. म्हणून त्याने काकडे कावळ्याला बोलावलं. काकडे घरांची दलाली करत. स्वतः ते चार काटक्यांवर राहत, पण सल्ला द्यायला घर लागतंच असं नाही.

काकड्यांनी मान वाकडी करून बीळ पाहिलं.

“गिऱ्हाईक आधी दर्शनी बाजू बघतं, साहेब. ही जाळी कशाला? काढून टाका.”

नानूने जाळी काढली.

“आता दार. माणसाने, म्हणजे प्राण्याने, काय सरपटत यायचं? ऐसपैस करा.”

नानूने दार रुंद केलं. मग काकडे चोरवाटेपाशी आले आणि गंभीर झाले.

“हे काय? दक्षिणेला भोक?”

“चोरवाट आहे. संकटात बरी पडते.”

“अहो, वाट ठेवलीत म्हणून तर संकटं येतात. वास्तुदोष आहे हा. बुजवलीत तर दुप्पट भाव.”

नानूने आठवून पाहिलं. आजवरचं प्रत्येक संकट खरंच चोरवाट असतानाच आलं होतं. इतकी सोपी गोष्ट आपल्याला सुचली नाही याची त्याला लाज वाटली.

त्याची बायको गोदू म्हणाली, “विकायचं तर विका. पण आपण इथून निघेपर्यंत तरी ती वाट राहू द्या.”

“तुला बाजारातलं काय कळतं?” नानू म्हणाला.

त्याने दगडमाती भरून चोरवाट बुजवली. वर सारवलं. वाट कुठे होती हे त्यालाही सांगता येईना.

घर दाखवताना मुलंबाळं नसावीत, जागा लहान दिसते, असंही काकडे म्हणाले. गोदू पोरांना घेऊन माहेरी गेली. जाताना ती त्या भिंतीकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी काकडे गिऱ्हाईक घेऊन आले. तो कोल्हा होता. खांद्यावर उपरणं, बोलणं मऊ. नानू दोन पावलं मागे सरला. पण दारी आलेल्या गिऱ्हाइकाला जा कसं म्हणायचं?

“आत यायला अजिबात त्रास झाला नाही,” कोल्हा म्हणाला.

नानूला भीती वाटली आणि अभिमानही वाटला. अभिमान थोडा जास्त.

“मागे दार वगैरे?”

“छे, एकदम निर्दोष घर,” काकडे बाहेरून म्हणाले.

नानूने दुप्पट भाव सांगितला. कोल्ह्याने घासाघीस न करता मान डोलावली. तेव्हा मात्र नानूची नजर मागच्या भिंतीकडे गेली. असं गिऱ्हाईक त्याने जन्मात ऐकलं नव्हतं.

“एकच अट,” कोल्हा दारात नीट बसत म्हणाला. “आत जे आहे त्यासकट घेईन.”

नानूने मागच्या भिंतीकडे धाव घेतली आणि जीव खाऊन खणू लागला. पंजे घसरले. काम फार पक्कं झालं होतं.

काकड्यांना दोन्हीकडून दलाली मिळाली. नानूकडून आगाऊ गाजरं, आणि कोल्ह्याकडून दोन लांब कान.

गोदू परतताना त्यांनी तिला वाटेतच गाठलं.

“वहिनी, व्यवहार झाला. वाईट वाटून घेऊ नका. तुमच्यासाठी एक जागा पाहिलीय. पुढे प्रशस्त दार, आणि मागे भोक अजिबात नाही.”

गोदू पोरांना पोटाशी धरून ढसाढसा रडली. मग डोळे पुसून करवंदीत शिरली आणि नवं बीळ खणायला लागली. आधी मागचं दार.

“बिचारी,” काकडे वरून बघत म्हणाले. “हिच्या घराला भाव म्हणून यायचा नाही.”

तात्पर्य : मुलांनो, घर विकताना जाणकाराचा सल्ला घ्यावा. भाव दुप्पट येतो. तो मोजून घ्यायला आपण असलंच पाहिजे, असा हट्ट मात्र धरू नये.